लेक्स लूथर : एवढा पैसा असून हा माणूस जळतो कशाला?

रद्दीबहाद्दर
रविवारी माळा आवरायला चढलो आणि जुन्या कॉमिक्सचा गठ्ठा हाताला लागला. कॉलेजात असताना फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून पाच-दहा रुपयांना उचललेले अंक, कव्हरं फाटलेली, कुणाकुणाच्या नावाचे शिक्के मारलेले. बायको खालून म्हणाली रद्दीत दे, म्हटलं आधी चाळून तर बघतो, आणि मग जे व्हायचं तेच झालं, दुपारी दोनला बसलो तो दिवेलागणीपर्यंत उठलो नाही. माळा अजून तसाच आहे आणि घरात अबोला.

तर त्यात सुपरमॅनचा १९८७ चा अंक ९ निघाला. मुख्य गोष्ट जोकरची आहे ती सोडा. मागे एक छोटी गोष्ट आहे, जॉन बर्न या लेखकाची. मेट्रोपोलिसपासून, म्हणजे सुपरमॅनच्या शहरापासून, ९०० मैलांवर हायवेलगतचं एक साधंसं हॉटेल. लूथर, सुपरमॅनचा कोट्यधीश हाडवैरी, आलिशान गाडीतून उतरतो, आत येऊन बसतो आणि तिथल्या वेट्रेसला म्हणतो, माझ्याबरोबर मेट्रोपोलिसला चल, महिनाभर माझ्याकडे राहा, दहा लाख डॉलर देतो. नवरा आहे, संसार आहे, ते त्याला माहीत आहे. विचार करायला दहा मिनिटं देतो. ती बिचारी आतून पिळवटून निघतेय, हो म्हणू की नको, आणि हा तोवर गाडीत बसून निघूनही जातो. ती त्याला नकोच होती हो. आपण काय उत्तर दिलं असतं हे तिने जन्मभर स्वतःला विचारत बसावं, एवढ्यासाठी सगळा खेळ.

मारामारी नाही, उडणं नाही, किरण नाहीत. पण मला विचाराल तर याच्याइतका नीच व्हिलन त्या अख्ख्या गठ्ठ्यात नाही. आणि हे फक्त पैसेवाल्या लूथरलाच जमतं. जुना लूथर, तो तुरुंगाच्या कपड्यातला शास्त्रज्ञ, तो मजेशीर होता, पण त्याची भीती नाही वाटायची. तुम्हाला काय वाटतं? आणि मुख्य प्रश्न हा की ज्याच्याकडे सगळं आहे तो एका उडणाऱ्या माणसावर इतका जळतो कशाला?

मेतकूट
मी कार्टून नेटवर्कवरच्या जस्टिस लीगवर वाढलेला प्राणी. मला लूथर म्हणजे टकला, सूटबूट, भारदस्त आवाज. तो आधी शास्त्रज्ञ होता हे आत्ता कळतंय. सविस्तर लिहा कुणीतरी. (तोवर रोमात, म्हणजे नुसता वाचत.)

अर्धवटराव
@मेतकूट, तो आधी टकलाही नव्हता!

सुपरमॅन आला १९३८ मध्ये, लूथर १९४० मध्ये, अॅक्शन कॉमिक्स अंक २३. नुसता 'लूथर', पहिलं नाव नाही, डोक्यावर लालभडक केस. आकाशात तरंगणाऱ्या अड्ड्यावर बसून दोन देशांना एकमेकांशी झुंजवतो. त्याच्या आधी टकल्या वेड्या शास्त्रज्ञाचं पद अल्ट्रा-ह्युमनाइट नावाच्या दुसऱ्याच एका गड्याकडे होतं. मग १९४१ मध्ये वर्तमानपत्रात येणाऱ्या चित्रपट्टीत चित्रकाराने लूथरला टकला काढला. चुकून, कुठल्या तरी टकल्या पात्राशी गल्लत करून, असं म्हणतात. ती चूक इतकी फिट्ट बसली की केस काही परत आले नाहीत.

म्हणजे आठ दशकं गाजणाऱ्या माणसाचं रूप एका डुलकीतून आलंय. आमच्या हापिसात अशा चुका झाल्या की मेमो येतो फक्त.

'लेक्स' हे नाव १९६० मधलं. ते शेवगेवाली सांगतील, त्यांचा तो जिव्हाळ्याचा विषय आहे, मागे एका धाग्यावर तीन दिवस भांडल्या होत्या.

शेवगेवाली
भांडले नव्हते, मुद्दे मांडले होते :)

रद्दीभाऊ, तुमचा वेट्रेसवाला मुद्दा मान्य. पण "भीती वाटत नाही" म्हणून जुन्या लूथरला कमी लेखताय ते काही पटलं नाही, कारण त्याचं वैर वाचून भीती नाही, वाईट वाटतं, आणि ते जास्त अवघड आहे लिहायला.

१९६० ची गोष्ट, अॅडव्हेंचर कॉमिक्स २७१. लिहिणारा जेरी सीगल, म्हणजे सुपरमॅनचा स्वतःचा जन्मदाता. लेक्स हा स्मॉलव्हिल गावातला हुशार पोरगा, सुपरबॉयचा, म्हणजे लहानपणीच्या सुपरमॅनचा, भक्त. एकदा लेक्स क्रिप्टोनाइटच्या, म्हणजे सुपरमॅनला मारक असलेल्या दगडाच्या, उल्केपासून सुपरबॉयचा जीव वाचवतो. सुपरबॉय खुश होऊन त्याला प्रयोगशाळा बांधून देतो. तिथे पोरगा काय करतो तर स्वतःच्या हाताने एक जीव तयार करतो आणि मित्रासाठी क्रिप्टोनाइटवर उताराही शोधतो. आणि मग आग लागते. सुपरबॉय फुंकर मारून विझवतो, पण त्यात रसायनं उडतात, लेक्सचे केस जातात, तो जीव मरतो, उतारा जातो. लेक्सची खात्री पटते की याने मुद्दाम केलं, माझ्या बुद्धीवर जळून.

लोक "केस गेले म्हणून व्हिलन झाला" असं म्हणून हसतात. केसांचं सोडा हो. पोराच्या हातून जीव निर्माण झाला होता आणि ज्याच्यासाठी रात्रंदिवस खपला त्याच्याच फुंकरीने सगळं गेलं. जवळच्या माणसाकडून झालेलं नुकसान चुकून झालंय हे मानायला मन तयार होत नाही. वाटणीवरून न बोलणारे दोन भाऊ प्रत्येक गावात आहेत.

आता १९६३, सुपरमॅन अंक १६४, लेखक एडमंड हॅमिल्टन, चित्रं कर्ट स्वान. लूथर तुरुंगातून सुटतो आणि सुपरमॅनला म्हणतो, दम असेल तर शक्ती बाजूला ठेवून नुसत्या हातांनी लढ. दोघं लाल सूर्याच्या ग्रहावर जातात, तिथे सुपरमॅनची शक्ती चालत नाही. तिथली माणसं पूर्वजांचं विज्ञान विसरून गेलेली, ग्रह कोरडा पडत चाललेला. लूथर त्यांची जुनी यंत्रं दुरुस्त करून देतो, पाण्यासाठी धडपडतो. लोक त्याचा पुतळा उभारतात. आयुष्यात पहिल्यांदा तो हिरो आणि सुपरमॅन खलनायक! शेवटच्या लढतीत लूथर जिंकत आलेला असतो. पण ग्रहावर पाणी आणायचं तर ते शक्तीवाला सुपरमॅनच आणू शकतो हे त्याच्या लक्षात येतं, आणि तो मुद्दाम हरतो. मुद्दाम! परत तुरुंगात जातो. सुपरमॅन त्या ग्रहाकडे बर्फाचे डोंगर फेकतो.

ग्रहाचं नाव पुढे लेक्सॉर पडतं, लूथर तिथे लग्न करतो, बायको आर्डोरा, मुलगा होतो. आणि १९८३ मध्ये अॅक्शन ५४४ मध्ये त्याच्याच चिलखतातून सुटलेल्या माऱ्याने तो ग्रह फुटतो. बायको, पोर, पुतळा, सगळं. आणि तो दोष कुणाला देतो? सुपरमॅनला. प्रयोगशाळेच्या आगीपासून इथपर्यंत एकच सवय.

तुमच्या कोट्यधीशाकडे यातलं काय आहे?

झिपऱ्या
शेवगेताई दंडवत घ्या. हरतो तो भाग वाचून काटा आला.

मिरी_सुंठ
+१. आणि "वाटणीवरून न बोलणारे दोन भाऊ" हे आमच्या घरात डोकावून लिहिलंय का

रद्दीबहाद्दर
शेवगेवाली, लेक्सॉर भारीच आहे, वादच नाही. पण मला एक सांगा, जो माणूस रोबो बनवतो, ग्रह वाचवतो, तो इकडे पृथ्वीवर आला की बँका लुटायला का जातो? एका रोबोचं पेटंट विकलं तरी सात पिढ्या बसून खातील. हाच प्रश्न ऐंशीच्या दशकात तिथल्या लेखकांना पडला. मार्व वुल्फमनने सुचवलं की याला धंदेवाला करा, आणि १९८६ मध्ये बर्नने सुपरमॅनची गोष्ट पहिल्यापासून मांडली तेव्हा लूथर लेक्सकॉर्पचा मालक होऊन आला. निम्म्याहून जास्त शहर त्याच्या पगारावर. टॉवर कसला, तर 'एल' अक्षराच्या आकाराचा, म्हणजे शहराच्या डोक्यावर रोज स्वतःची सही. हा झोपडपट्टीत वाढलेला पोरगा आहे हां, वडिलोपार्जित काही नाही. सुरुवातीचं भांडवल कुठून आलं तर आईबापांच्या विम्यातून, आणि त्यांच्या गाडीला अपघात कसा झाला हे १९८९ च्या एका खास अंकात कळतं. मी लिहीत नाही, तुम्हाला कळलंच असेल.

आता वैर कसं सुरू होतं बघा. लूथरच्या जहाजावर पार्टी चालू असताना अतिरेकी घुसतात. सुपरमॅन येऊन सगळ्यांना सोडवतो. मग लूथर आरामात सांगतो की हल्ला होणार हे मला आधीच माहीत होतं, मी होऊ दिला, मला तुझं काम बघायचं होतं, ये, माझ्याकडे नोकरी कर. आणि चेक पुढे करतो. पार्टीत शहराचे महापौर असतात, त्यांच्या पोटात गोळा आलेला, ते तिथल्या तिथे सुपरमॅनला पोलिसाचा अधिकार देतात आणि म्हणतात, याला अटक कर.

लूथर थोड्याच वेळात सुटतो, वकील काय मेलेत का. पण स्वतःच्या जहाजावर, स्वतःच्या पाहुण्यांसमोर, ज्याला विकत घ्यायला निघाला होता त्यानेच हात धरून नेला. ठोसा खाल्ला असता तर विसरला असता एक वेळ. सुपरमॅन येईपर्यंत मेट्रोपोलिसमध्ये सगळ्यात मोठा माणूस कोण याचं उत्तर एकच होतं, आता लोक मान वर करतात ते टॉवर बघायला नाही.

बेरीज_वजाबाकी
मी पेशाने सीए, त्यामुळे माझा मुद्दा रुक्ष आहे.

शास्त्रज्ञ लूथरचा गुन्हा दिसतो. रोबो दिसतो, बँक फुटलेली दिसते. पकडा, तुरुंगात टाका, पुढचा अंक. धंदेवाल्या लूथरचा गुन्हा पाच कंपन्यांच्या पलीकडे असतो आणि शेवटच्या कंपनीत कुणीतरी ड्रायव्हर डायरेक्टर असतो (हे मी कॉमिक्समधून शिकलेलो नाही). सुपरमॅनची नजर भिंतीच्या आरपार जाते पण ताळेबंदाच्या आरपार नाही. आणि उद्या त्याने लेक्सकॉर्प पाडलं तर रस्त्यावर लूथर येणार नाही, त्याचे कामगार येणार. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस आणि त्याला हातच लावता येत नाही, यात खरी गंमत आहे.

२००० साली तर त्याला निवडणूक जिंकवून अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षच केला. आता काय करणार सुपरमॅन? व्हाइट हाउस उचलणार? कायदा पाळणारा हिरो आणि समोर कायद्यानेच निवडून आलेला माणूस.

अर्धवटराव
पण शेवटी माती खाल्लीच ना त्याने. २००३-०४ च्या त्या कथेत राष्ट्राध्यक्ष असून अंगात क्रिप्टोनाइट टोचून घेतलं आणि चिलखत घालून स्वतःच मारामारीला उतरला. खुर्ची गेली. अहो तुमच्याकडे सैन्य आहे, कशाला स्वतः जाताय! पण नाही, स्वतःच्या हातानेच मारायचं होतं.

क्रिप्टोनाइटची अंगठी पण आठवा. सुपरमॅन जवळ येऊ नये म्हणून मिरवत होता बोटात, वाटलं माणसाला काही होत नाही. कॅन्सर झाला, हात कापावा लागला. मग शरीरच मरायला लागलं तेव्हा स्वतःचा क्लोन काढून त्यात मेंदू घातला आणि 'लूथरचा ऑस्ट्रेलियातला मुलगा' म्हणून लाल दाढी घेऊन परत हजर. स्वतःचाच वारस! सीएसाहेब, असा वारसा हक्क चालतो का हो?

बेरीज_वजाबाकी
नॉमिनी कोण आहे त्यावर आहे :D

खवचट_खान
एवढं गोडगोड चाललंय म्हणून विरजण घालतो. लूथरचं बरोबर आहे. परग्रहावरून आलेला एक प्राणी, त्याला कुणी निवडून दिलेलं नाही, त्याच्यावर कुठलं कोर्ट नाही, उद्या डोकं फिरलं तर अडवणारं कुणी नाही. माणसाने माणसावर विश्वास ठेवावा, आकाशाकडे तोंड करून बसू नये, एवढंच तर तो म्हणतो. त्याच्या जागी गरीब प्रोफेसर असता तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या, श्रीमंत आहे म्हणून शिव्या. इथे व्हिलन नाही, पैसा नडतोय तुम्हाला.

आणि बॅटमॅन कोण, झोपडीत राहतो का?

शेवगेवाली
खानसाहेब, मुद्दा बिनतोड आहे, फक्त तो मांडणारा माणूस खोटा आहे. २००५ मध्ये हेच धरून ब्रायन अझारेलोने लूथरच्या बाजूने अख्खी मालिका लिहिली, वाचताना खरंच पटायला लागतं, इथेच कुठेतरी आपलंही चुकतंय असं वाटतं. पण मग ग्रँट मॉरिसनच्या मालिकेत सुपरमॅन मरायला टेकलेला असताना लूथरला जे सुनावतो ते आठवतं. भावार्थ असा, तुला मनापासून वाटत असतं तर जग तू केव्हाच वाचवलं असतंस. बस. याला उत्तर नाही त्याच्याकडे. तो नेहमी म्हणतो हा नसता तर मी रोगराई संपवली असती, अमुक केलं असतं. मग कर की! सुपरमॅन तुझं मायक्रोस्कोप धरून बसलाय का?

बॅटमॅनबद्दल: दोघांकडे पैसा आहे, पण ब्रूस वेन (म्हणजेच बॅटमॅन) आपलं नाव लपवून राबतो आणि लूथर जिथे तिथे नाव कोरतो.

रद्दीबहाद्दर
शेवगेवाली, हे तुम्ही माझ्याच बाजूचं लिहिलंत :) कारण नावावरून मला १९८७ चाच अंक २ आठवला, तो पण गठ्ठ्यात आहे, शेवटचं पान उंदराने खाल्लंय पण पाठ आहे.

लूथर सुपरमॅनचं रहस्य शोधायला पैसा ओततो. माणसं पाठवून माहिती गोळा करतो, सुपरमॅनच्या बालमैत्रिणीला, लाना लँगला, पळवून आणून छळतो. त्याच्याकडची शास्त्रज्ञ बाई सगळी माहिती कॉम्प्युटरमध्ये घालते आणि कॉम्प्युटर उत्तर देतो: क्लार्क केंट हाच सुपरमॅन.

बरोबर उत्तर! ज्याच्यासाठी जीव टाकत होता ते समोर पडद्यावर. आणि लूथर काय करतो? त्या बाईला नोकरीवरून काढतो. म्हणतो, ज्याच्याकडे एवढी ताकद आहे तो कधीतरी साधा माणूस असल्याचं सोंग घेईल का? मूर्ख मशीन.

माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. तो ताकदीवर जळत नाही, ताकद तर तो विकत घेतो. एवढी ताकद असून हा माणूस चष्मा लावून हापिसात साहेबाची बोलणी खातो आणि वर खुश असतो, हे त्याच्या डोक्यात शिरतच नाही. शिरलं तर स्वतःचा टॉवर फालतू वाटायला लागेल ना. म्हणून उत्तर फेकून देतो. शास्त्रज्ञ लूथरने पुरावा असा फेकला नसता, त्याने दहा वेळा तपासला असता. पैशाने त्याची बुद्धी बसवली.

झिपऱ्या
मशीनने बरोबर उत्तर दिलं म्हणून आणणाऱ्याला घरी पाठवलं. हे माझ्या एका जुन्या बॉसचं चरित्र आहे, फक्त त्याला केस होते.

मिरी_सुंठ
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

देशी_ढेकूण
काय चाललंय काय? आपल्याकडे व्हिलन संपले का? परक्या देशातल्या टकल्यावर एवढी जिलबी पाडताय. त्या कंपन्यांनी गल्ले भरले आणि आपण फुकट जाहिरात करतोय.

अर्धवटराव
ढेकूणराव, गल्ल्याचं काढलंत ते बरं केलंत. जेरी सीगल आणि जो शुस्टर, क्लीव्हलँडची दोन पोरं. १९३८ मध्ये सुपरमॅनचे सगळे हक्क विकले १३० डॉलरला. दोघांत मिळून! कंपनीने पुढे किती कमावलं ते तुम्हीच बघा. हे दोघं कोर्टकचेऱ्या करत म्हातारे झाले, शुस्टरची नजर अधू झाली. १९७५ मध्ये, सिनेमा यायच्या तयारीत होता आणि बोभाटा झाला तेव्हा कुठे वर्षाला २०,००० डॉलर पेन्शन आणि अंकावर नाव मिळालं. तो १३० डॉलरचा व्यवहार ज्या ४१२ डॉलरच्या चेकमध्ये होता तो चेक २०१२ मध्ये लिलावात १,६०,००० डॉलरला गेला. नुसता कागद!

आणि शेवगेताईंनी सांगितलेली १९६० ची आगीची गोष्ट याच सीगलने लिहिलीय, त्याच कंपनीकडे, पानामागे मोजून मिळणाऱ्या पैशावर. "माझं सगळं तू फुंकून टाकलंस" असं ओरडणारा पोरगा. मी काही म्हणत नाही, पण ते वाचताना मला लूथरचा आवाज नुसता लूथरचा वाटत नाही.

शेवगेवाली
हे मला कधी सुचलंच नव्हतं. त्या गोष्टीकडे आता परत वेगळ्या नजरेने बघावं लागणार.

देशी_ढेकूण
बरं. हे माहीत नव्हतं. चालू द्या.

मेतकूट
सिनेमाबद्दल कुणीच बोलेना. १९७८ चा जीन हॅकमन मला कार्टूनपेक्षा हलका वाटला होता, पण प्लॅन अस्सल बिल्डरचा: वाळवंटातली जमीन स्वस्तात घ्यायची आणि क्षेपणास्त्र टाकून कॅलिफोर्नियाचा किनारा समुद्रात बुडवायचा, की आपली जमीन झाली सी-फेसिंग. २००१ च्या स्मॉलव्हिल मालिकेत तर दोघं मित्रच, लेक्सची गाडी पुलावरून नदीत पडते आणि क्लार्क त्याला बाहेर काढतो तिथून दोस्ती, आणि शंका घेऊन घेऊन सडते ती. तो मला सगळ्यात खरा वाटतो.

आणि २०२५ चा निकोलस होल्ट (पुढे स्पॉयलर, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी खाली सरका). त्याने एका वेगळ्याच मितीत माकडं बसवलीत, ती दिवसभर कीबोर्ड बडवून सुपरमॅनला ऑनलाइन शिव्या घालतात. थिएटरात मी एकटाच एवढा हसलो, कारण मला हे संस्थळ आठवलं. आणि शेवटी तो स्वतःच्या तोंडाने कबूल करतो की होय, जळतो मी. एवढी वर्षं कॉमिक्सवाले आडून आडून सांगत होते ते यांनी सरळ बोलून टाकलं. चांगलं की वाईट ते ठरत नाहीये.

खवचट_खान
माकडांवरून माझ्याकडे बघू नका. मी पगार न घेता करतो.

रद्दीबहाद्दर
:D कबुली मला थोडी खटकली. न कळलेला लूथर जास्त घाबरवतो. पण जमिनीच्या तुकड्यासाठी दोन देशांत युद्ध लावतो ते बघताना १९४० चा पहिला अंक आठवला, तिथेही हाच धंदा. फिरून तिथेच आला गडी.

मेतकूट
एक विचारायचं राहिलं. त्या वेट्रेसचं पुढे काय झालं?

रद्दीबहाद्दर
त्या गोष्टीत तरी नाही सांगितलं. गाडी जाते आणि संपतं.

अर्धवटराव
म्हणजे जवळपास चाळीस वर्षांनी आपण इथे बसून विचारतोय ती हो म्हणाली असती का. तिच्या जोडीने आपल्यालाही कामाला लावलं टकल्याने.

शेवगेवाली
मला विचाराल तर तिने पाच मिनिटं रडून घेतलं असेल आणि मग उठून कप विसळायला घेतले असतील, दुपारची गिऱ्हाइकं काय लूथर बघणार होता? रद्दीभाऊ, गठ्ठा रद्दीत देणार असाल तर आधी मला व्यनि (खाजगी निरोप) करा. आणि माळा आवरा, अबोला फार दिवस चांगला नाही.